डबा काढू नका, आधी नळी लावा

जळोची, बारामती, इंदापूर या पट्ट्यात ज्यांच्या दारात अजून कार्बोरेटरची गाडी उभी आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. वडिलांची पद्मिनी जपून ठेवलेले आहेत, जुनी जिप्सी शेतावर आणि हौसेला अशी दोन्हीकडं वापरणारे आहेत, आरएक्स १०० साठी जीव टाकणारी पोरं तर गल्लोगल्ली आहेत. आपल्याच एमआयडीसीत पियाजिओच्या कारखान्यात तयार झालेली एप्रिलिया एसआर १५० पळवणारेही आहेत. २०१६ साली ती बाजारात आली तेव्हा तिला कार्बोरेटरच होता. या सगळ्यांच्या डोक्यात एक समजूत पक्की बसलेली आहे. पिकअप हवा तर इंजिनाला जास्त हवा पाहिजे आणि जास्त हवा पाहिजे तर फिल्टरचा डबा काढून टाकायचा, तिथं लाल रंगाचा उघडा फिल्टर लावायचा. काही बहाद्दर तर फिल्टरही लावत नाहीत, नुसती जाळी.

माझी विनंती एवढीच आहे, की डब्याला पाना लावण्याआधी तो डबा खरंच हवा अडवतोय का, ते मोजा. मोजायला पन्नास रुपयांची पारदर्शक नळी पुरते.

समजुतीचा पहिला अर्धा भाग खरा आहे, हे आधी कबूल करू. इंजिनाला पेट्रोलपेक्षा हवाच जास्त लागते. एक लिटर पेट्रोल नीट जाळायला साधारण अकरा किलो हवा लागते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात अकरा किलो हवा म्हणजे जवळजवळ दहा हजार लिटर. मे महिन्यात गावात येतो तो पाण्याचा मोठा टँकर डोळ्यांसमोर आणा. एका लिटरमागं तेवढी हवा त्या कार्बोरेटरच्या तोंडातून आत जाते. तिच्या वाटेतला प्रत्येक काटकोन, प्रत्येक अरुंद गळा, पॅकिंगची आत आलेली प्रत्येक कड ताकद खाते. तेव्हा हवेची वाट सुधारणं हे शहाणपणाचंच काम आहे. प्रश्न असा, की वाट कुठं अडली आहे?

कार्बोरेटर चालतो कसा, तेही एकदा लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. त्याच्या मधोमध गळा बारीक केलेला असतो. तिथून जाताना हवेचा वेग वाढतो, वेग वाढला की दाब पडतो आणि त्या पडलेल्या दाबामुळं फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर ओढलं जातं. सेन्सर नाही, संगणक नाही. किती पेट्रोल यावं हे हवेच्या त्या ओढीवरच ठरतं. म्हणून कार्बोरेटरच्या पुढची किंवा मागची वाट बदलली की पेट्रोलचं माप बदलतं. इंजेक्शनच्या गाडीत संगणक बरंचसं सावरून घेतो, इथं सावरणारं कुणी नाही.

आता नळी. पारदर्शक नळीचा इंग्रजी यू आकार करून एका फळीला बांधा, दोन्ही बाजू किमान दोन-दोन फूट उंच ठेवा आणि निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरा. एक टोक उघडं. दुसरं टोक लांब रबरी पाइपनं फिल्टरच्या पुढं आणि कार्बोरेटरच्या अलीकडं, म्हणजे गाळलेली हवा जिथं असते त्या बाजूला जोडा. पाणी फार नाचत असेल तर पाइपमध्ये एखादा जुना जेट अडकवा, नाचणं थांबतं. मग चढावर, दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये, पूर्ण रेस देऊन गाडी ओढा. मोजणारा माणूस शेजारी बसलेला हवा. चालवणाऱ्यानं नळीकडं बघायचं नाही. दुचाकीवर हा खेळ करू नका, ते काम डायनोवाल्याकडं करून घ्या.

पाण्याच्या दोन पातळ्यांत किती फरक पडला ते बघा. हवेचा एकूण दाब साधारण दहा मीटर पाण्याएवढा असतो. म्हणजे दहा सेंटिमीटर फरक दिसला तर फिल्टर आणि डबा मिळून तुमच्या हवेचा एक टक्का अडवतात. डबा, फिल्टर, सगळं काढून फेकलं तरी यापेक्षा जास्त मिळणार नाही. फरक तीस-चाळीस सेंटिमीटर आला तर मात्र फिल्टर चोंदलाय. तो बदला. डब्याचा त्यात काही गुन्हा नाही.

एका टक्क्यासाठी लोक काय गमावतात, ते पाहा. डब्याला जी सोंड असते ती बहुतेक गाड्यांत हवा बाहेरून, ग्रिलच्या बाजूनं घेते. डबा काढून उघडा फिल्टर बसवला की तो बोनेटखालची, रेडिएटरमधून आणि सायलेन्सरच्या पाइपावरून आलेली तापलेली हवा ओढतो. गरम हवा विरळ असते. ढोबळ हिशोब असा, की तीन अंश तापमान वाढलं की हवेचं वजन एक टक्का कमी होतं. बाहेर ३८ अंश असताना गर्दीत, सिग्नलला किंवा घाटात रखडताना बोनेटखाली ६५ अंश सहज होतात. त्या हवेत आठ टक्के कमी माल असतो. गाडी मोकळ्या रस्त्यावर पळत असताना बोनेटखाली जरा निवतं, तरी तीन-चार टक्क्यांचा तोटा उरतोच. एक टक्का मिळवायला चार ते आठ टक्के घालवायचे, हा कुठला व्यवहार? पण उघड्या फिल्टरमधून हवा ओढल्याचा घोगरा आवाज येतो आणि कानाला वाटतं, गाडी सुटली! आवाजाला ताकद समजण्याची ही सवय सायलेन्सर कापणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना आहे.

तेव्हा पहिला खरा पैसा खर्च करायचा तो थंड हवेच्या पाइपावर. मूळ डबा ठेवा, त्याच्या सोंडेला आतून गुळगुळीत असलेला पाइप जोडा आणि ग्रिलच्या बाजूला, रेडिएटरच्या पुढं काढा. अकराशे ते तेराशे सीसीच्या इंजिनाला ७० मिलिमीटरचा पाइप भरपूर होतो. स्वस्तात मिळाला म्हणून ४० मिलिमीटरचा घालू नका. पाइप निम्म्याच्या आसपास आला की अडथळा नऊपट होतो, आणि मग पुन्हा डब्याच्या नावानं बोटं मोडायची. तोंड फार खालीही नको. कऱ्हेच्या पुलाखालून किंवा पावसाळी ओढ्यातून गाडी काढताना पाणी त्या पाइपात शिरलं तर ते थेट सिलिंडरमध्ये जातं. पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. तोंड हेडलाइटच्या उंचीवर ठेवा.

बोनेटवर स्कूप कापून हवा दाबून आत घालू म्हणणाऱ्यांसाठीही एक आकडा. ताशी १०० किलोमीटर वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा दाब सव्वाचार सेंटिमीटर पाण्याएवढा, म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. त्या अर्ध्या टक्क्यासाठी पत्रा कापायचा, रंग घालवायचा आणि पावसात फिल्टर भिजवायचा. असो.

थंड हवेलाही अपवाद आहे, आणि तो आपल्या डोक्यावरून रोज उडतो. बारामतीच्या विमानतळावर वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं. तशा छोट्या प्रशिक्षण विमानांपैकी बऱ्याच विमानांची इंजिनं कार्बोरेटरची असतात, आणि वैमानिकाला मुद्दाम गरम हवा आत सोडायची दांडी दिलेली असते. पेट्रोलची वाफ होताना कार्बोरेटरचा गळा इतका गार होतो, की दमट हवेत तिथं बर्फ धरतो. आपल्या रस्त्यावर, आपल्या उन्हात त्याची काळजी नको. महाबळेश्वरला डिसेंबरच्या पहाटे गाडी गुदमरली तर मात्र आठवण ठेवा.

आता धूळ, आणि इथं मी जरा रागानंच बोलणार आहे. चेन्नईजवळच्या शोलावरमला जुन्या विमानांच्या धावपट्टीवर फियाटच्या शर्यती व्हायच्या, युरोपात दोन-दोन वेबर कार्बोरेटरची तोंडं कर्ण्यासारखी उघडी ठेवून स्पोर्ट्स कार पळायच्या, ही चित्रं बघून पोरं भुलतात. त्या गाड्या झाडलेल्या ट्रॅकवर तासभर पळायच्या आणि मोसमात कितीतरी वेळा खोलून पुन्हा बांधल्या जायच्या. तुमची गाडी भिगवण रस्त्यानं जाते. गळीत हंगामात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या दिशेनं उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते, साइडपट्टीचा मुरूम उडत असतो, क्रशरची खच टाकलेली असते. आपल्या काळ्या दगडाचा भुगा सिलिंडरच्या बिडापेक्षा कठीण आहे. डोळ्याला न दिसणारा, पाच ते वीस मायक्रॉनचा कण रिंगा आणि सिलिंडरच्या मधल्या तेलाच्या थरात शिरतो आणि पॉलिश पेपरचं काम करतो. पहिल्या हंगामात काही कळत नाही. पुढं तेल कमी व्हायला लागतं, निळा धूर येतो, आणि मग मेस्त्री सांगतो, बोअर करावा लागेल.

आरएक्सवाल्यांनी तर दुप्पट भ्यावं. टू-स्ट्रोकमध्ये हवा आधी क्रँककेसमध्ये जाते, तिथून वर सिलिंडरमध्ये. म्हणजे क्रँकच्या बेअरिंगा आणि कनेक्टिंग रॉडचं खालचं टोक रोज त्या धुळीत न्हातं. १९९६ ला बंद झालेल्या गाडीचा मूळ क्रँक आज किती रुपयांना आणि किती विनवण्या करून मिळतो, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

मूळ कागदी फिल्टर चांगला असतो. कॉम्प्रेसरची नळी जवळ धरून तो फुंकू नका, कागद फाटतो. हलक्या हवेनं, आतून बाहेर फुंका, मग आत बॅटरी लावून अंधारात धरा. कुठं उजेडाचा ठिपका दिसला की तो फिल्टर गेला. फोमचा असेल तर रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुऊन, मग साबणाच्या पाण्यानं काढून, पूर्ण वाळवून, तेल लावून पिळून बसवा. कोरडा फोम धूळ धरत नाही.

उरलेली ताकद कुठं आहे? गंमत अशी, की बरीचशी फुकटात मिळते. गाडी बंद असताना कुणाला तरी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा आणि फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात डोकावा. आतली पाकळी पूर्ण उघडते का? वायर सैल पडलेली, पॅडलखाली जाड मॅटिंग आलेलं, यामुळं कितीतरी जुन्या गाड्या आयुष्यभर तीन-चतुर्थांश रेसवर चालतात. चोकची पाकळी पूर्ण उघडते का, तेही बघा. मग टॅपेट पुस्तकात दिलेल्या मापाला बसवा. व्हॉल्व्ह कमी उघडत असेल तर बाहेर कितीही मोकळी वाट करा, हवा दारातच थांबते. टायमिंग तपासा. कार्बोरेटरच्या बुडाचं पॅकिंग आणि रबरी बूट तडकलेला असेल तर तिथून चोरटी हवा जाते आणि मिक्श्चर पातळ होतं. इंजिन स्लोवर ठेवून त्या जोडाभोवती थोडं साबणाचं पाणी सोडा. आवाज बदलला तर गळती तिथंच आहे.

याच्या पुढं जायचं असेल तर दोन कामं खरी किमतीची आहेत. एक, हवा ज्या कडेवरून आत शिरते ती कड. डब्यात सरळ कापलेला पाइप आत घुसवला असेल तर तोंडाशी हवा भोवरा करते. त्याच तोंडाला बाहेर वळवलेली गोल कड दिली तर तिथला अडथळा दहा-वीसपट कमी होतो. आपल्या एमआयडीसीतला कुठलाही चांगला लेथवाला ॲल्युमिनियमच्या तुकड्यातून अशी कड काढून देईल. तिच्या समोर डब्याचं झाकण खेटून येऊ देऊ नका; तोंडाच्या व्यासाएवढं अंतर मोकळं सोडा. दुसरं काम हेड उतरवलं असेल तेव्हाचं. मॅनिफोल्ड, पॅकिंग आणि हेडचं भोक एकावर एक जुळतं का बघा, आत आलेली कड कानशीनं काढा. व्हॉल्व्हच्या सीटला एकच ४५ अंशांची कड न ठेवता तिच्या वर-खाली ३० आणि ६० अंशांची कड काढून घ्या. हवा सर्वांत जास्त अडते ती व्हॉल्व्हच्या अवतीभोवतीच, आणि हे काम सीट कटर असलेल्या दुकानात थोडक्यात होतं. आतला पोर्ट आरशासारखा घासून चकचकीत करू नका. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलचे थेंब भिंतीला लागतात. भिंत जरा खरखरीत असली तर ते पुन्हा हवेत मिसळतात. भोकं वाढवत सुटायचं तर मुळीच नाही. भोक मोठं झालं की कमी रेसला हवेचा वेग मरतो, आणि आपल्या रस्त्यांवर गाडी कमी रेसलाच जास्त चालते.

मोठा कार्बोरेटर बसवण्याची हौसही याच कारणानं फसते. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन पाच हजार आरपीएमला मिनिटाला दोन-सव्वादोन हजार लिटर हवा घेतं. त्या हिशोबानं कंपनीनं गळ्याचं माप ठरवलंय. दुप्पट गळा दिला तर खालच्या रेसला ओढच तयार होत नाही, गाडी घुटमळते, बॅकफायर मारते.

पद्मिनीचं नाव आलं म्हणून आठवलं. ती जिथं तयार झाली त्या कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना १९४४ साली वालचंद हिराचंदांनी केली. आपल्या इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर ज्यांच्या नावानं वसलं, तेच ते. त्यांच्या उसाच्या राज्यातून निघालेला माल आज तुमच्या टाकीत शिरलाय, आणि कार्बोरेटरवाल्यांना त्याची दखल घ्यावीच लागेल.

२०२५ पासून देशभर पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळं त्याला जळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलला वजनात एकास १४.७ हवा लागायची, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. तुमचा जेट मात्र जुन्या मापाचा आहे. म्हणजे काहीही न करता तुमची गाडी सात-आठ टक्के पातळ मिक्श्चरवर चालायला लागली आहे. त्यावर उघडा फिल्टर लावून हवा आणखी वाढवली, की ती आणखी पातळ. पातळ मिक्श्चर तापतं, खडखडतं आणि लांबच्या पल्ल्याला पिस्टनला भोक पाडतं. टू-स्ट्रोक तर सरळ सीज होते.

सोलेक्स आणि वेबरच्या जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. १२० म्हणजे १.२० मिलिमीटर भोक. १२० चा १२५ केला तर आकडा पाचनंच वाढला असं वाटतं, पण भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं. म्हणजे बहुतेकांना एकच पायरी पुरते. जेट विकत घ्या. तार किंवा पिन घालून भोक वाढवणाऱ्या मेस्त्रीच्या हातातून कार्बोरेटर नम्रपणे परत घ्या. बदलल्यावर गाडी चांगली ओढून, तशीच बंद करून प्लग काढून बघा. टोक फिकट तपकिरी असेल तर बरोबर, पांढरं असेल तर पातळ, काजळी असेल तर जाड. स्लोचं माप लावायला पीयूसी केंद्राचं यंत्र वापरा. २००० पूर्वीच्या पेट्रोल चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, आकडा त्याच्या पुरेसा खाली बसवून द्यायला सांगा. इथेनॉलमुळं जुने रबरी पाइप आणि फ्लोटच्या सुईचं टोक फुगतं. तेही एकदा बदलून टाका, बोनेटखाली पेट्रोल गळणं परवडत नाही.

कायद्याचंही थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं नोंदणीतल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. आवाज आणि धुराचे नियम मोडले तर कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, शिवाय तीन महिने लायसन्स जातं. मोठा कार्बोरेटर, दुसरं इंजिन, कापलेला सायलेन्सर घेऊन एमएच-४२ च्या पासिंगला जाऊ नका. वर सांगितलेली नळी, टॅपेट, सीट, पॅकिंग ही कामं देखभालीची आहेत. थंड हवेचा पाइप जोडण्याआधी मात्र आरटीओत विचारून घ्या.

डबा आधीच काढून भंगारात घातला असेल, तर जुन्या गाड्या तोडणाऱ्या दुकानांत तो मिळतो. झाकणाची रबरी रिंग तेवढी नवी घ्या, कारण तिथून धूळ सर्वांत आधी शिरते. उघड्या फिल्टरसाठी कुणी जेट दोन-तीन पायऱ्या वाढवला असेल, तर डबा बसवताना तोही मूळ मापावर आणा आणि इथेनॉलसाठी तिथून एकच पायरी वर चढा. नाहीतर गाडी काळा धूर ओकेल, ॲव्हरेज पडेल, आणि दोष पुन्हा बिचाऱ्या डब्यालाच जाईल.